तीन पावलं मागे

सिनागो बेटावरच्या हायस्कुलात शिक्षक मोजून सात होते आणि विषय मात्र कुठल्याही मोठ्या शहरातल्या हायस्कुलाइतकेच. त्यामुळे उर्सुला बाईंच्या वाट्याला दोन विषय आले होते. सकाळी इतिहास, जेवणाच्या सुट्टीनंतर आरोग्य. असं एकतीस वर्षं चाललं होतं. पोरं त्यांच्या पाठीमागे म्हणायची, "सकाळी मेलेली माणसं, दुपारी मरायला टेकलेली." बाईंच्या कानावर ते कधीच आलं होतं. त्यांनी कुणाला रागावल्याचं मात्र ऐकिवात नाही. उलट एकदा वर्गात त्या म्हणाल्या होत्या, "दोन्हींच्या मध्ये जी माणसं जगली ना, तीच आपली. त्यांचा तास कधी असतो ते तुम्ही शोधा."

फिलिपिन्सच्या नकाशात हे बेट शोधायला भिंग लागतं. पण एक काळ असा होता की साऱ्या देशाला त्याचं नाव पाठ होतं, आणि ते घेताना लोक आवाज खाली करत. गावोगावचे कुष्ठरोगी सरकारी बोटीत भरून इथं आणून सोडत. परत जायला बोट नसे. आज हायस्कुलाच्या पटावरचं जवळजवळ प्रत्येक मूल त्या रोग्यांचं नाहीतर त्यांची सेवा करायला आलेल्यांचं नातवंड किंवा पतवंड होतं. बेटावर हे कुणी लपवत नाही. इतर ठिकाणी आमची माणसं लढली असं सांगतात, तसं इथं आमची माणसं टिकली असं सांगतात, आणि सांगताना मान ताठ असते.

आठवीच्या वर्गाला बाई दरवर्षी एक काम द्यायच्या. घरातली अशी एक सवय शोधायची, जी सगळे पाळतात पण तिचं कारण कुणालाच माहीत नाही. मग ते कारण शोधून काढायचं.

"आमच्याकडे बाबा मासेमारीला निघाले की घर झाडत नाहीत," एकजण म्हणाला.

"ते सगळ्यांकडेच आहे. दुसरं."

"माझे आजोबा जेवणाआधी दोन्ही हात पुढे करतात. आधी तळवे, मग उलटे. कुणालाच दाखवत नाहीत, नुसते करतात."

बाईंनी खडू खाली ठेवला. "हे लिही. याच्या मागे लाग."

मागच्या बाकावरून रेमार्ट ओरडला. "बाई, लोरेवीला शोधायलाच नको! ती रोज वर्गातच करते."

"मी काय करते?" लोरेवीनं मागे वळून विचारलं. ही वर्गातली पहिली येणारी मुलगी. चौदा वर्षांची, अंगानं बारीक, पण प्रश्न विचारायला लागली की समोरच्याची पळता भुई थोडी करणारी.

"राणीसाहेबांना नजराणा देतेस." रेमार्ट उठला, वही घेऊन ऐटीत टेबलापाशी गेला, ती कडेला ठेवली, तीन पावलं मागे सरला आणि बाईंकडे डोळे लावून उभा राहिला. "अशी! आणि बाई वही उचलत नाहीत तोवर हलत नाही."

वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या. कारण ते हुबेहूब होतं. दोन वर्षं त्या हे पाहत होत्या आणि मनाशी म्हणत होत्या, पोरीला काय छान वळण लावलंय घरानं.

लोरेवी मात्र हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर खरंच नवल होतं. "सगळे असंच देतात ना?"

"कुणी नाही देत," रेमार्ट म्हणाला. "मी तुला पेन दिलं तर हातात देतो. परत मिळत नाही तो भाग वेगळा."

त्या दिवशी दुपारी आरोग्याच्या तासाला नेमका धडा होता संसर्गजन्य रोगांचा. पुस्तकात कुष्ठरोगाला अर्धं पान. बाई ते अर्धं पान दरवर्षी दोन तास शिकवत. हा रोग एका जंतूमुळे होतो, तो शाप नाही. जंतू फार सावकाश वाढतो, आणि शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात तर तो मूळ धरूच शकत नाही. गोळ्यांनी रोग पुरता बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तो माणूस कुणाला काही देऊ शकत नाही. पूर्वी हे माहीत नव्हतं, म्हणून लोक रोग्याच्या हातची वस्तू घ्यायला भीत.

हे शेवटचं वाक्य बोलताना बाईंची नजर लोरेवीकडे गेली. लोरेवीची पेन्सिल थांबली होती.

दोन दिवसांनी तिनं काम लिहून आणलं. नीटनेटक्या अक्षरात दीड पान. आमच्या घरात वस्तू हातात देत नाहीत, कारण माझी लोला म्हणजे माझी आजी लहानपणी रोगी होती. आपला संसर्ग दुसऱ्याला होईल या भीतीनं ती वस्तू खाली ठेवायची. ती बरी झाली, भीती राहिली. आईनं ती उचलली आणि आईकडून मी.

बाईंनी लाल शाईनं लिहिलं, "उत्तम. कारण अचूक." दहापैकी दहा गुण. इतिहासाचं आणि आरोग्याचं असं गोड लग्न लावणारी विद्यार्थिनी त्यांना बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. वही त्यांनी शिक्षकांच्या खोलीत दोघांना दाखवली. शिपायालासुद्धा दाखवली.

*

मार्च संपत आला आणि निकाल लागला. लोरेवी आठवीत पहिली. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी गुणगौरव समारंभ.

या समारंभाची एक रीत आहे आणि ती देशभर सारखीच. मुलाचं नाव पुकारलं की त्याच्याबरोबर आई किंवा बाप मंचावर जातो. शाळा पदक आईबापाच्या हातात देते, आणि आईबाप ते मुलाच्या गळ्यात घालतात. मुलापेक्षा आईच जास्त नटून येते. पदक घालताना तिचे हात थरथरतात, फोटो हलतो, आणि तो हललेला फोटोच पुढं वीस वर्षं भिंतीवर राहतो.

लोरेवीची आई कुवेतमध्ये एका घरी कामाला होती, बाप मालवाहू जहाजावर. घरी लोला एपांग. मूळ नाव एपिफानिया, वय ब्याऐंशी. तेव्हा पदक लोलाच घालणार, यात विचारायचं काही नव्हतंच.

सोमवारी लोरेवी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, लोला म्हणते मी समारंभाला येईन, पुढच्या रांगेत बसेन, टाळ्या वाजवीन. पण पदक घालणार नाही."

"का गं?"

"सांगत नाही. म्हणते मुख्याध्यापक घालतील, त्यांचे हात काय कामाचे आहेत मग?"

मुख्याध्यापक बाल्दोमेरो सर शेजारीच चहा पीत होते. "मी घालीन की. त्यात काय?"

"मला तुमच्याकडून नको, सर," लोरेवी म्हणाली, आणि मग जीभ चावली. "म्हणजे... तुम्ही चांगले आहात."

"आभारी आहे," सर म्हणाले आणि चहाकडे वळले.

बाई तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. पोरीचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. "बाई, मी रात्री जागून अभ्यास करायची तेव्हा ती समोर बसून सुमानच्या चिकट भाताला पानं गुंडाळायची. तिला डुलक्या यायच्या तरी उठायची नाही. पदक तिनंच द्यायला पाहिजे. दुसऱ्या कुणी दिलं तर ते माझं नाहीच."

"मी बोलते तिच्याशी," बाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, काम सोपं आहे. कारण त्यांना माहीत होतं. त्यांनीच तर लाल शाईनं ते अचूक ठरवलं होतं.

*

लोला एपांगचं घर जुन्या वसाहतीच्या बाजूला, काजूच्या झाडांखाली. बाई संध्याकाळी गेल्या तेव्हा म्हातारी पायरीवर बसून लोरेवीची वेणी घालत होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची आत वळलेली, पण उरलेल्या तिनांत कंगवा असा चालत होता की बघत राहावं.

"या माएस्त्रा!" बाई बेटावर आल्या तेव्हापासून लोला त्यांना शिक्षिकेसाठीच्या याच जुन्या शब्दानं हाक मारायची. "बसा. पोरीनं काही उपद्व्याप केला का?"

"छे. पहिली आलीय."

"ते मला माहीत आहे. मी विचारलं उपद्व्याप केला का."

लोरेवीला आत पाठवून लोलानं केळीच्या पानात गुंडाळलेला सुमान आणला, बाकावर ठेवला आणि मागे सरली. बाईंनी तो उचलला तेव्हाच तिनं नजर काढली.

बाईंनी पिशवीतून आरोग्याचं पुस्तक काढलं. एकतीस वर्षांची सवय, शांतपणे, मुलाला सांगावं तसं सांगायला लागल्या. "लोला, तुम्ही साठ वर्षांपूर्वीच बऱ्या झालात. हा जो जंतू असतो..."

"कुठला? काडीसारखा?"

"हो, काडीसारखा. तो..."

"लाल दिसतो," लोला म्हणाली. "निळ्यावर लाल. कधी एकेकटा, कधी काड्यापेटी सांडल्यासारखा घोळक्यानं. माएस्त्रा, तुम्ही पाहिलाय का तो कधी?"

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. त्यांनी तो फक्त चित्रात पाहिला होता, आणि पुस्तकातलं चित्र काळंपांढरं होतं.

"मी एकवीस वर्षं पाहिला. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होते, तुम्ही यायच्या आधी. कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा, नमुना काचेवर पसरायचा, रंग द्यायचा, आणि भिंगाखाली काड्या मोजायच्या. डॉक्टर माझी मोजणी पुन्हा तपासत नसत. माझ्या स्वतःच्या कानाची काच मी पाहिली, साफ होती. माझ्या नवऱ्याची साफ झालेली काच मीच पाहिली. धावत जाऊन सांगितलं, तर तो भोपळा कापत होता, म्हणाला बरं, मीठ आण." ती हसली. "अर्धं पान आहे ना तुमच्या पुस्तकात? द्या इकडे, बघू काय काय चुकलंय."

तिनं खरोखर पुस्तक मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरून वाचलं, आणि एकच चूक काढली. आणि ती खरंच चूक होती.

बाई पुस्तक पिशवीत घालत म्हणाल्या, "मग पदक का नाही घालत?"

लोलानं पायरीवरचा कंगवा उचलला. "तुम्ही मला जंतू शिकवायला आलात. ते मला येतं. जे विचारायला यायला हवं होतं ते तुम्ही विचारलं नाहीत." एवढं बोलून ती कोंबड्या आत घ्यायला उठली.

*

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच लोरेवी टेबलापाशी हजर. तिनं वही कडेला ठेवली. तीन पावलं मागे. नजर बाईंवर.

"बाई, तुम्ही मला दहा गुण दिलेत ते चुकलंय."

शिक्षकाच्या आयुष्यात हे वाक्य फार वेळा ऐकायला मिळत नाही. बाईंनी चष्मा नीट केला. "कमी दिले?"

"जास्त. कारण चूक आहे. मी काल आतून सगळं ऐकलं, रात्री झोपले नाही. बघा, लोलाला संसर्गाची भीती असती तर तिनं रोज माझी वेणी घातली असती का? मला ताप आला की मांडीवर घेऊन बसते. लहानपणी भात कुस्करून भरवायची, मला आठवतं. म्हणजे हात लावायला ती भीत नाही. फक्त वस्तू देताना खाली ठेवते."

"पुढे?"

"आणि दुसरं. भिणारा माणूस वस्तू टाकून तोंड फिरवेल, निघून जाईल. ती तिथंच उभी राहते. मी उचलेपर्यंत बघते. ही भीती नाही, बाई. मला काय आहे ते माहीत नाही, पण भीती नाही. तुम्हीच सांगता ना, पुरावा आणि कारण जुळत नसेल तर पुरावा बदलायचा नाही, कारण बदलायचं. आपण आधी कारण ठरवलं आणि मग लिहिलं."

'आपण' म्हणाली. 'तुम्ही' म्हणू शकली असती. बाईंनी तो एक शब्द मनात जपून ठेवला. कालच्या संध्याकाळची सगळी शरम त्यात विरघळून गेली. त्यांनी लाल पेन घेतलं आणि वहीतल्या 'कारण अचूक' वर सरळ काट मारली. दहाचा आकडाही खोडला.

"आता?" लोरेवीनं विचारलं.

"आता शोध. पण एक लक्षात ठेव. म्हाताऱ्या माणसाला 'का' असं विचारू नये. 'का' विचारलं की ती आपल्याला पटेल असं काहीतरी सांगून मोकळी होतात. 'पहिल्यांदा कधी' असं विचार."

"पहिल्यांदा कधी," लोरेवी पुटपुटली.

"आणि मग गप्प बस. ते सगळ्यात अवघड आहे. तुला तर फारच."

*

तिनं विचारलं ते बुधवारी दुपारी, सुमान गुंडाळताना. आणि जे कळलं ते गुरुवारी सकाळी बाईंना सांगितलं. मध्ये कुठंही न थांबता, जणू स्वतःच पाहिलेलं.

लोलाची आई रोगी होती. वसाहतीच्या दोन बाजू होत्या, मध्ये फाटक. रोग्यांच्या पोटी मूल जन्मलं की ते काही महिन्यांत फाटकापलीकडे, निरोग्यांच्या बाजूला असलेल्या बालगृहात नेत. लोलालाही नेलं. रविवारी आयांना फाटकापर्यंत येऊन मुलं पाहता येत, लांबून. फाटकापाशी एक सपाट दगड होता. मग जपान्यांशी लढाई आली, बेटावर तांदूळ यायचा बंद झाला. बालगृहातली पोरं उपाशी. त्या दिवसांत लोलाची आई रविवारी झग्याच्या घोळात काहीतरी लपवून आणायची. कधी रताळं, कधी उकडलेल्या कंदाचा तुकडा. तिच्या वाट्याचा. फाटकावरचा पहारेकरी वाईट नव्हता. तो म्हणायचा, मी काही पाहिलं नाही, पण तू तिथून हललीस तरच पोर तिथं जाईल. मग ती वस्तू दगडावर ठेवायची. एक, दोन, तीन पावलं मागे जायची. आणि पाच वर्षांची एपांग धावत येऊन ती उचलून खाईपर्यंत तिच्यावरून नजर हलवायची नाही. कारण पुन्हा पुढच्या रविवारीच.

"पहिल्यांदा कधी असं विचारलं ना, तर ती म्हणाली, रताळं होतं. अर्धं. अजून कोमट होतं." लोरेवीनं बोटांनी तेवढं माप दाखवलं. "नंतर बारा वर्षांची असताना लोलाच्या गालावर चट्टा आला. डॉक्टर म्हणाले, तुला त्या बाजूला जावं लागेल. बाई, ती म्हणते, सगळे रडत होते आणि मी उड्या मारत होते. आईकडे जायला मिळणार म्हणून. गेली. आईनं जवळ घेतलं, सोडीचना. पण संध्याकाळी जेवायला वाढलं तेव्हा ताट ठेवलं आणि तीन पावलं मागे सरली. लोला म्हणाली, आई, आता कशाला? तर आई म्हणाली, मला दुसरं द्यायला येत नाही."

व्हरांड्यात कुणीतरी घंटा वाजवली. दोघीही हलल्या नाहीत.

"मग पदक?" बाईंनी विचारलं.

"ती म्हणते, माझ्या आईनं मला जे दिलं ते असंच दिलं. मी तुझ्या आईला असंच दिलं. एवढी मोठी वस्तू पहिल्यांदा घरात येतेय, आणि ती मी दुसऱ्यांच्या रीतीनं देऊ? पण मंचावर खाली ठेवून मागे सरले, तर शिक्षणाच्या कचेरीतून आलेले साहेबलोक म्हणतील, बिचारी म्हातारी अजून भीते. पोरीच्या मोठ्या दिवशी तिला बिचारीची नात का करू? त्यापेक्षा नकोच."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तू खालीच ठेव. लोकांना काय ते मी सांगते." तिनं बाईंकडे पाहिलं. "पण मला सांगायला कोण देणार?"

बाई विचारायला गेल्या तेव्हा बाल्दोमेरो सरांनी कार्यक्रमपत्रिका पुढं सरकवली. "छापून झालीय, उर्सुला बाई. आठवीच्या मुलीचं भाषण कुठं घालू? साहेबांची बोट तीनला सुटते."

पत्रिकेत सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: ज्येष्ठ शिक्षिकेचे मनोगत. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. मनोगत त्यांनी जानेवारीपासून लिहिलं होतं, चार वेळा.

"सात नंबर काढा," त्या म्हणाल्या. "ती दहा मिनिटं तिची."

"अहो, तुमचं शेवटचं वर्ष..."

"तेच बोलणार आहे ती. माझ्यापेक्षा चांगलं."

वर्गात येऊन त्यांनी वहीवर नवा शेरा लिहिला. मग लोरेवीच्या बाकापाशी गेल्या, वही बाकावर ठेवली आणि एक, दोन, तीन पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. सगळा वर्ग बघायला लागला. रेमार्टनं तोंड उघडलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. लोरेवीनं वही उचलली. शेरा होता: "कारण सापडले. शिक्षिकेची चूक दुरुस्त केल्याबद्दल गुण देण्याचा अधिकार शिक्षिकेला नाही."

*

शुक्रवारी पटांगणात मांडव होता. पुढच्या रांगेत साहेबलोक, मागे आईबाप, आणि सगळ्यात मागे, सावलीत, जुन्या वसाहतीतली दहाबारा म्हातारी माणसं. त्यांना समारंभाचं बोलावणं नसतं, पण ती दरवर्षी येतात आणि प्रत्येक पोराला टाळ्या वाजवतात, कुणाचं कोण हे न विचारता. लोला एपांग मात्र पुढं, साहेबांच्या रांगेत, जरीचा पांढरा झगा घालून बसली होती. बाह्या कडक इस्त्रीच्या.

लोरेवी माइकपाशी गेली. माइक तिच्या कपाळापर्यंत आला, तो खाली करण्यात अर्धं मिनिट गेलं. मग तिनं वही उघडली आणि वाचायला लागली. सुरुवात अशी होती: "मला या कामात दहापैकी दहा मिळाले होते आणि ते चुकीचे होते." लोक हसले. तिनं आधी चुकीचं कारण सांगितलं, मग ते चुकीचं का ते सांगितलं. जंतूबद्दल सांगितलं, निळ्यावर लाल. माझ्या लोलानं तो एकवीस वर्षं मोजला, आणि तिची मोजणी कुणी तपासत नसे, हे सांगताना तिचा आवाज चढला. मग फाटक, दगड, कोमट रताळं. कुठंही तिनं आवाज रडवा केला नाही. इतिहासाच्या तासाला बोलावं तशी बोलली. आधी काय घडलं, कुणी पाहिलं, आपल्याला कसं कळलं.

बाई मंचाच्या कडेला उभ्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी हजारभर मुलांना सनावळ्या आणि लसींची नावं शिकवली होती. त्यातलं किती उरलं, कुणास ठाऊक. पण समोर एक पोरगी आपल्या आजीच्या आईची तीन पावलं साहेबांसमोर पुराव्यासकट मांडत होती. बाईंना वाटलं, मनोगतात मी हेच लिहायला बघत होते, चार वेळा.

"आता माझी लोला मला पदक देईल," लोरेवी म्हणाली. "आमच्या घरी देतात तसं."

नाव पुकारलं. लोला पायऱ्या चढली. बाल्दोमेरो सरांनी पदक तिच्या हातात दिलं आणि मग इकडेतिकडे बघू लागले, कारण मंचावर ते ठेवायला काहीच नव्हतं. तेवढ्यात रेमार्ट वर्गातलं स्टूल डोक्यावर घेऊन धावत आला, मंचाच्या मधोमध ठेवलं, उगाच फुंकर मारून पुसलं आणि खाली उडी मारली.

लोलानं पदक स्टुलावर ठेवलं. फीत नीट गोल मांडली. मग मागे सरली. एक. दोन. तीन. आणि ताठ उभी राहून पाहू लागली.

मागे सावलीतली म्हातारी माणसं एकेक करून उभी राहिली. कुणी काठीवर, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसती उभी. त्यांच्यातल्या कितीजणांनी त्या दगडावर काय काय ठेवलं होतं आणि कितीजणांनी त्यावरून काय उचललं होतं, ते त्यांनाच माहीत. त्यांना बघून आईबाप उठले. मग साहेबही उठले, बोटीची वेळ झाली असूनसुद्धा.

लोरेवीनं पदक उचललं, स्वतःच्या गळ्यात घातलं, आणि जे कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. स्टुलाला वळसा घालून ती तीन पावलं पुढं गेली. लोलाच्या अगदी समोर जाऊन थांबली, नाकाला नाक लागेल इतकी.

लोलानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"उलटं घातलंयस," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी, त्या वळलेल्या बोटांनी, फीत धरून पदक सुलटं केलं, छातीवर नीट बसवलं, वर तळव्यानं दोनदा थापटलं. "वर्गात पहिली येते म्हणे!"

माइक चालूच होता. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.